मातीच्या रंगाची वायर

वसईच्या पापडी गावात कुणाची इस्त्री बंद पडली की दोन वाटा असतात. एक म्हणजे ती बाजारातल्या दुकानात टाकायची आणि चार दिवस हेलपाटे घालायचे. दुसरी म्हणजे जुलियानाच्या ओट्यावर न्यायची आणि चहा पिऊन होईस्तोवर बसायचं. जुलियाना शिकली चौथीपर्यंत, तीही अर्धीच, कारण त्या साली वाडीतल्या केळीला पाणी लावायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पण पक्कड तिच्या हातात विळीसारखी बसते.

हे तिला शिकवलं तिच्या नवऱ्यानं. ॲन्सेल्म गावचा वायरमन. वाड्यांमधल्या विहिरींवरच्या मोटारी, घरातले पंखे, देवळातल्या माळा, सगळं तोच बघायचा. आता शिकवलं असं म्हणायचं आपलं. तो शिडीवर चढायचा, ती खाली शिडी धरायची, तो वरून ओरडायचा आणि ती खालून ऐकायची. त्यातच शिकणं होऊन गेलं.

"बटण बंद केलंस?"

"केलं."

"टेस्टर लावून बघितलंस?"

"तुम्हीच तर बंद केलं मघाशी!"

"मी केलं म्हणून तू विश्वास ठेवतेस? लग्न करताना ठेवलास तेवढा पुरे. टेस्टर लाव!"

साखरेच्या आजारानं ॲन्सेल्म गेला, त्याला आठ वर्षं झाली. तो गेल्यावर महिनाभरात शेजारची क्रिस्टीना सवयीनं आपला बंद पडलेला टेबलफॅन घेऊन आली आणि ओट्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता घरात वायरमन नाही. ती ओशाळून मागे वळली. जुलियाना म्हणाली, "ठेव तिथं." संध्याकाळी फॅन फिरायला लागला. तेव्हापासून गावातली सगळी बंद पडलेली माणसं, म्हणजे वस्तू, तिच्याकडे येऊ लागल्या.

त्याआधी बावीस वर्षं तिनं नालासोपाऱ्याला तुळिंजच्या बाजारात टोपली घेऊन केळी, वालाच्या शेंगा आणि अबोलीच्या वेण्या विकल्या. वसुंधरा तिला तिथंच भेटली. वसुंधरा शाळेत शिकवायची, कोकणातून लग्न होऊन आलेली. भाव करताना दोघींची इतकी जुंपायची, की बघणाऱ्याला वाटावं आता झिंज्या धरतील. आणि भाव ठरला की वसुंधरा टोपली उतरवायला हात लावायची आणि घरी नेऊन पाणी द्यायची. जुलियानाच्या गुडघ्यांनी टोपली सोडवली, पण वसुंधरा काही सुटली नाही.

या वसुंधरेचा नवरा शांताराम. मुंबईच्या एका कचेरीत हिशेब तपासून तपासून निवृत्त झाला आणि आता पेपर वाचतो. पेपर म्हणजे नावापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. पण त्यांच्या इमारतीसमोर गेल्या वर्षी मोठा टॉवर उभा राहिला आणि त्यानं घरातला उजेडच गिळला. भर दुपारी शांतारामचं नाक कागदाला टेकायला लागलं.

"जुलियाना, यांना एक दिवा करून दे गं," वसुंधरा म्हणाली, आणि माळ्यावरून काय काढलं, तर तीन पायांचा पितळी स्टोव्ह. तिच्या पहिल्या संसाराचा. "यावर मी अकरा वर्षं स्वयंपाक केलाय. मोडीत घालवत नाही आणि ठेववतही नाही. याचाच कर."

जुलियानानं तो स्टोव्ह मन लावून केला. टाकी सोड्यानं धुतली आणि रॉकेलचा वास पूर्ण जाईपर्यंत आठ दिवस उन्हात ठेवली. बर्नर काढून तिथं बल्बचा होल्डर बसवला. टाकीच्या बुडाला भोक पाडलं आणि पितळेची धार वायरीला कापू नये म्हणून त्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. आत वायरीला गाठ मारली, म्हणजे कुणी वायर ओढली तर ओढ गाठीवर यावी, स्क्रूवर नाही. सगळं कसं ॲन्सेल्मनं मान डोलवावी असं.

आता अडचण एकच होती. घरातले दिवे तिनं आजवर केले ते लाकडाचे नाहीतर प्लॅस्टिकचे, त्यांना दोनच वायरी. हा पितळेचा. धातूच्या वस्तूला तिसरी वायर लागते, मातीत जाणारी, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ॲन्सेल्म विहिरीच्या मोटारीजवळ खड्डा खणायचा, त्यात मीठ आणि कोळसा घालून पट्टी पुरायचा आणि तिथून उघडी तार मोटारीच्या अंगाला आणून बांधायचा. चुकून अंगात करंट उतरलाच, तर तो माणसातून न जाता मातीत जावा म्हणून. ती तार उघडीच असायची. तिला रंग नव्हता.

पुतण्या फ्लॉईडनं वसईतून तीन वायरींच्या दोऱ्या आणल्या. एक खराब निघाली तर असू दे म्हणून दोन. एका टोकाला कारखान्यातच चिकटवलेली तीन काट्यांची पिन, दुसरं टोक मोकळं. जुलियानानं वरचं काळं साल सोललं, तर आतून तीन रंग निघाले. निळा, तपकिरी, आणि हिरवा. हिरव्यावर पिवळा पट्टा.

आता वाडीत जन्म गेलेल्या बाईनं यातून काय समजावं? तपकिरी म्हणजे माती, यात विचारण्यासारखं काय आहे! हिरवं-पिवळं म्हणजे केळीचं पान, जिवंत. करंट त्यातूनच येणार. आणि निळं म्हणजे पाणी, आलेलं परत वाहून नेणारं. कारखान्यातल्या माणसांनी किती विचार करून रंग दिलेत, असं वाटून तिला त्यांचं कौतुकसुद्धा वाटलं. फ्लॉईडला विचारलं असतं तर त्यानं मोबाईलमध्ये बघून सांगितलं असतं. पण मग तो म्हणाला असता, "काकी, या वयात कशाला? मी दुकानातून तयार दिवा आणतो." म्हणून तिनं विचारलं नाही.

हिरवी आणि निळी होल्डरला गेली, आणि तपकिरी वायर तिनं टाकीच्या आतल्या स्क्रूला घट्ट आवळली. स्टोव्हच्या अंगाला.

शुक्रवारी सकाळपासून पापडीत लाइट नव्हती. दहा वाजता फ्लॉईड स्कूटर घेऊन दारात. त्याला कामासाठी तुळिंजवरूनच पुढं चांदीपला जायचं होतं.

"दे काकी, लवकर. जाता जाता टाकतो."

"अरे, लाइट येऊ दे. लावून बघितला नाही मी अजून."

"तू केलेला दिवा लागणार नाही होय?"

आता असं कुणी म्हटल्यावर माणूस फुगणारच. जुलियानानं दिवा जुन्या साडीत गुंडाळून दिला. अकराला फ्लॉईडचा फोन आला. "पोचला गं दिवा. काकू खूश. काका पिन हातात घेऊन बोर्ड शोधतायत. ठेवतो."

पावणेबाराला पंखा फिरला. जुलियानाच्या मनात आलं, दुसरी दोरी पडलीय, तिचा आपल्या चुलीपाशी एक दिवा करावा. तिनं दोरीची तीन टोकं सोलली, कोरड्या पाटावर एकमेकांपासून दूर ठेवली, पायात रबरी चपला घातल्या, पिन बोर्डात बसवली आणि बटण दाबलं. मग टेस्टरचं टोक हिरव्या वायरीला लावलं.

टेस्टर लागला नाही.

बोर्ड बिघडला की काय, म्हणून तिनं निळीला लावून पाहिला. नाही. आणि मग काही विचार न करता, नुसतं राहिलीय म्हणून, तपकिरीला लावला.

टेस्टरमधला तो चिमुकला दिवा लालबुंद पेटला.

माती पेटली होती.

जुलियानानं बटण बंद केलं, पिन काढली आणि ती पाटाशेजारी जमिनीवरच बसली. तिचं डोकं झरझर चालत होतं. तिथं तुळिंजला बटण दाबलं की तीन पायांसकट सगळा स्टोव्ह करंटनं भरणार. आणि होल्डरला करंट नसल्यामुळे दिवा काही लागणार नाही. आणि लागत नाही अशा दिव्याला माणूस काय करतो? हातात घेतो. हलवतो. दोन टपल्या मारतो. त्यात वसुंधरा घरात अनवाणी फिरणारी आणि दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं फरशी पुसणारी.

तिनं फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. सहा वेळा व्यस्त. फ्लॉईडला लावला तर नुसती घंटी. तो स्कूटरवर असणार आणि फोन पाठीवरच्या पिशवीत.

दीर ज्युड शेजारच्याच घरात राहतो. केळी वाहायचा छोटा टेम्पो आहे त्याच्याकडे. तो जेवायला बसला होता.

"भावजी, टेम्पो काढा. तुळिंजला."

"अगं घास तर..."

"माणूस मरेल तिकडं."

ज्युडनं हात न धुताच चावी घेतली. जुलियाना ॲन्सेल्मचा टेस्टर आणि पक्कड मुठीत धरून चढली. फोन घरीच राहिला, हे तिला उमेळमान मागं पडल्यावर कळलं. पूर्वी गावातले सगळे नंबर तिला तोंडपाठ असायचे, आता एकही आठवेना. ज्युडच्या फोनवरून ती फ्लॉईडलाच परत परत लावत राहिली.

"केलंस काय नेमकं?" ज्युडनं विचारलं.

"वायर चुकीची लावली."

"तू?"

"मी."

"ॲन्सेल्म असता तर..."

"असता तर आधी मला धुतलं असतं आणि मग तुम्हाला, टेम्पो इतका हळू चालवता म्हणून. दाबा ना जरा!"

ज्युडनं दाबला. पण नालासोपाऱ्याच्या उड्डाणपुलावर एक डंपर आडवा फसला होता आणि त्याच्यामागं सगळं जग उभं होतं. जुलियानाच्या तोंडून 'नमो मरिये'ची प्रार्थना सुरू झाली, पण 'कृपापूर्णे'च्या पुढं जाईना. डोळ्यांसमोर वसुंधरेचा हात येत होता, बावीस वर्षं टोपलीला लागलेला. टोपलीच्या भारानं कमरेत वाकलेल्या बाईला जो हात आधार देतो, त्याच हाताला आपण काय पाठवलं! तिनं पवित्र मातेला सांगून टाकलं, की एवढी वेळ निभावून ने, मी परत आयुष्यात पक्कड धरणार नाही. आणि लगेच तिला वाटलं, हा नवस काही आपल्याच्यानं पाळला जायचा नाही, उगाच खोटं नको. म्हणून तिनं तो बदलला. "पक्कड धरीन, पण विचारून धरीन."

डंपर हलला.

इमारतीखाली टेम्पो थांबायच्या आत ती उतरली. पहिला मजला. वीस पायऱ्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिनं ऐकली नाही. दार सताड उघडं होतं.

आत टेबलावर स्टोव्ह होता, त्याला हळदकुंकू लावलेलं. वसुंधरा नुकतेच धुतलेले ओले हात पदराला अर्धवट पुसत त्याच्या गळ्यात झेंडूचं फूल अडकवत होती. पिन बोर्डात होती. बोर्डाशेजारी शांताराम, बोट बटणावर. समोर शेजारची पिंकी मोबाईल उगारून व्हिडिओ काढायला उभी.

"आली!" वसुंधरा ओरडली. "बघा, मी म्हटलं होतं ना, तिच्या मनालाच कळेल! अगं, मघापासून तुला फोन लावतेय मी, आधी तुझा सारखा व्यस्त, मग कुणी उचलेना! हे म्हणत होते लावून टाकू. मी म्हटलं, जिनं केला तिच्या डोळ्यांदेखत लागेल, नाहीतर लागणार नाही."

"चला, आता आली ना? पिंकी, तयार?" शांताराम म्हणाला. "एक... दोन..."

जुलियानाला ओरडायचं होतं. पण वीस पायऱ्यांनी श्वास खाल्ला होता, तोंडातून नुसती हवा आली. मात्र हात आपलं काम विसरले नव्हते. दाराच्या मागं, चपलांच्या मांडणीच्या वर, मेन स्विच. ती वळली आणि तळहातानं तो खाड्कन खाली पाडला.

पंखा मंदावत थांबला. फ्रीज गप्प झाला.

"हात्तिच्या! लाइट गेली," शांताराम म्हणाला.

"गेली नाही, भाऊ," जुलियानाला शेवटी आवाज फुटला. "मी घालवली. ताई, हात काढा. आधी हात काढा त्याच्यावरून."

वसुंधरेनं हात काढला. जुलियानानं स्वतः जाऊन बोर्डातली पिन उपसली, ती टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि मग सांगितलं. तपकिरी वायर माती समजून अंगाला लावली. तपकिरीतच करंट होता. तुम्ही बटण दाबलं असतं तर...

वसुंधरेनं आपल्याच हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मघापासून मी यमाला कुंकू लावतेय?"

पिंकीला आधी हसू आलं. मग शांतारामला. मग वसुंधरा हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. जुलियाना तेवढी हसली नाही. तिला वाटत होतं, झालं. आता या घरात आपण केलेल्या वस्तूला कुणी हात लावणार नाही, आणि का लावावा?

"मी घेऊन जाते तो," ती म्हणाली. "दुकानातला चांगला आणून देते."

"बस खाली," शांताराम म्हणाला. त्याचा स्वर कचेरीतला होता. "तीस वर्षं मी लोकांचे कागद तपासले, जुलियानाबाई. चुका सगळ्यांच्या सापडल्या. पण चूक कळल्यावर स्वतः धावत आलेला माणूस मला तीस वर्षांत भेटला नाही. फाईल दाबून ठेवणारे ढिगानं भेटले. इथंच बसायचं आणि इथंच दुरुस्त करायचा. मला पेपर वाचायचाय."

"आधी पाणी पी," वसुंधरा म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय."

एवढ्यात ज्युड धापा टाकत वर आला, आणि दारातूनच त्यानं विचारलं, "आहेत ना सगळी?" वसुंधरेनं त्याला मोजून दाखवलं आणि जेवायला बसवलं.

जुलियानानं मेन स्विच वर केला, पिन आपल्या मांडीवर घेतली आणि टाकी उघडली. पिन मांडीवर का, असं पिंकीनं विचारलं. "म्हणजे मी आत हात घातला असताना कुणी हौशी माणूस ती बोर्डात घालणार नाही." शांतारामनं दुसरीकडे बघितलं. मग पिंकीनं मोबाईलमध्ये बघून रंग मोठ्यांदा वाचून दाखवले, आणि जुलियानानं ते दोनदा वाचून घेतले. तपकिरी, करंट येणारी. ती होल्डरच्या मधल्या टोकाला. निळी, परत जाणारी. ती होल्डरच्या कडेला. हिरवी-पिवळी, मातीची. ती अंगाला.

"हिरवी मातीची?" जुलियाना पुटपुटली. "शहाण्यांनी पानच नेऊन पुरलं."

स्क्रू आवळून, वायरी एकेक ओढून पाहून तिनं टाकी बंद केली. पायात कुणाच्या तरी चपला घातल्या, सगळ्यांना दाराशी उभं केलं, पिन बसवली आणि बटण दाबलं. टेस्टर टाकीला लावला, पंपाला लावला, तिन्ही पायांना लावला. कुठं पेटला नाही. त्यानंतर तिनं हाताची मागची बाजू अलगद पितळेला टेकवली. तळहात नाही, कारण झटक्यानं बोटं मिटतात आणि वस्तू सोडवत नाही. गार पितळ, दुसरं काही नाही. तिनं डोळे मिटले आणि मिनिटभर हात तसाच ठेवला.

"काय गं, झोपलीस का?" वसुंधरेनं विचारलं.

"थांबा ओ ताई. जरा बरं वाटू दे."

दिवा लागला होता. पिवळा उजेड पितळेवरून घरंगळत टेबलावर पसरला होता. शांतारामनं खुर्ची ओढली. जुलियाना त्याला सांगत होती, की इमारतीच्या वायरमनला बोलावून बोर्डात माती खरंच येते का ते बघून घ्या, आणि झटका बसायच्या आत आपोआप पडणारा स्विच मेनजवळ बसवून घ्या, उद्याच घ्या. तो "हो हो" म्हणत होता, पण पेपर उघडून बसलाही होता. नाक कागदापासून हातभर लांब.

जुलियानानं टेस्टर आणि पक्कड टेबलावर ठेवली. वसुंधरेनं तिचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, आणि दोघी तशाच टेबलापाशी बसून राहिल्या.

"काय वाचताय एवढं?" वसुंधरेनं नवऱ्याला विचारलं.

"निधनवार्ता," शांताराम पान न हलवता म्हणाला. त्यानं रकान्यावरून बोट खालपर्यंत फिरवलं, परत वर नेलं, परत खाली आणलं. "छे. तुळिंजचं आज कुणीच नाही."